सोमारीवाचून

बल्लारपूरला स्टेशन रोडवर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. २००३ सालचा उन्हाळा. खिडकी उघडली की पेपर मिलचा आंबूस वास, लावली की उकाडा. नागपूरला लिनक्सची सर्टिफिकेशन परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी सीडीवरून पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅम, टाकायचा सराव करत होते. लिनक्समध्ये एका पॅकेजला दुसरं लागतं. ते मशीनवर नसलं की संगणक अडून बसतो आणि काय हवंय ते नाव घेऊन सांगतो.

त्या दुपारी मेल सर्व्हर टाकताना तो अडला. स्क्रीनवर इंग्रजीत उमटलं, या पॅकेजला 'सोमारी' लागते.

या नावाचं पॅकेजच नसतं. सोमारी म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणारी बाई.

मी वाचतेय तोवर जिन्यावर पावलं वाजली. सोमारीबाई दारात उभी, हात ओले.

"मले बलावलं का, पोरी?"

"नाही हो."

"कोनं त नाव घेऊन हाक मारली." ती पुटपुटत खाली गेली.

मी कमांड पुन्हा दिली. तेच नाव. पुन्हा पावलं.

माझं डोकंच फिरलं. सीडीत कुणीतरी खोडी केलेली आणि या बाईला उगाच जिने चढायला लावायचे! मी इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या भूपेश सरांना बोलावलं, तर ते माझ्यावरच घसरले. "थट्टा करून राह्यली का तू?"

"मी काऊन करू, सर? सीडी तुमची, मशीन तुमचं."

त्यांनी सीडी बदलली. मग मशीन बदललं. नाव तेच, आणि दरवेळी सोमारीबाई वर येत होती, दरवेळी जास्त धापा टाकत. शेवटी उंबऱ्यातच बसली.

"काऊन छळता मले? आली ना मी. काम सांगा."

"नोडेप्स लाव," सर मला म्हणाले. म्हणजे जे लागतं ते नसलं तरी बसव, त्याच्यावाचून.

"नको सर. आधी काय आहे ते शोधू."

"शोधाचं काय त्यात? झाडणाऱ्या बाईवाचून काय अडते?"

हे तिच्यादेखत! मी ताडकन उठले. त्यांनी कीबोर्ड ओढून कमांड स्वतःच दिली.

पॅकेज निमूट बसलं.

सोमारीबाई उठली, झाडू घेतला आणि खाली गेली.

परीक्षा मी पास झाले. नागपूरहून परतले तेव्हा जिन्याखाली तिचा नवरा दसरू उभा होता.

"पोरी, काय केलं तुमी तिले? हाक मारली त पाहत नाई. लेक आई-आई करते, तरी पाहत नाई. काम तेवढं करते."

मी तरातरा वर गेले. सरांना सांगितलं. त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही.

"कानाचं असन. डॉक्टरले दाखवा म्हना."

"सर, तुम्ही तिची माफी मागा!" मी ओरडले. सगळा वर्ग वळून पाहू लागला. कोपऱ्यात सोमारीबाई झाडत होती. ती तेवढी वळली नाही.

मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"सोमारीबाई."

झाडू थांबला नाही. माझ्या उघड्या पावलांवरून तो सावकाश फिरला, फरशीवरून फिरतो तसा, आणि पुढे सरकला.