साखळीतली लुना

यशोधरा भिंगारदिवे सुपर बाजारातून बाहेर आली, तर तिच्या लुनाच्या पुढच्या चाकाला साखळी! आणि शेजारी एक उंच, उन्हानं रापलेला तरुण... आपणच काहीतरी चोरल्यासारखा मान खाली घालून उभा.

“हे काय?”

“दंड हाय, मॅडम. आत थोडीच खरेदी केली तर गाडी लावायचे पन्नास रुपये. ठेकेदाराचा नवा नियम हाय.”

“कुठं लिहिलाय नियम?”

त्यानं मागं वळून भिंतीकडं पाहिलं. भिंत कोरी होती.

“लिव्हला न्हाई अजून...” तो पुटपुटला.

यशोधरानं आतून फक्त एक फाईल घेतली होती. बी.ए.चं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, सगळं नीट लावून न्यायला. जिल्हा परिषदेत अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या मुलाखती होत्या, आणि तिला बोलावणं आलं होतं. किती अर्ज, किती नकार... त्यानंतरचं हे पहिलं बोलावणं. पर्समध्ये पेट्रोलपुरते पैसे.

“माझी मुलाखत आहे हो! साखळी काढा. संध्याकाळी आणून देते पैसे.”

“किल्ली माझ्याकडं नसती. भिमाजीशेठकडं असती.” तिचा चेहरा बघून तो एकदम म्हणाला, “थांबा!” आणि पळाला. भिमाजी ठेकेदार कोपऱ्यावर चहा पीत बसला होता. तरुण धापा टाकत परत आला तेव्हा त्याला तिच्याकडं बघवेना.

“न्हाई म्हनले.”

ती रस्त्याकडं धावली. भरलेल्या रिक्षा एकामागून एक निघून गेल्या. अखेर एकीत बसून ती जिल्हा परिषदेत पोचली, तेव्हा दाराशी शिपाई उभा होता.

“तुमचं नाव दोनदा पुकारलं, ताई. साहेब उठले आता.”

दुपारी ती वडिलांकडून पैसे घेऊन परत आली. रडून डोळे लाल झालेले. लुना उन्हात तशीच उभी होती. पण सीटवर कुणीतरी ओलं गोणपाट टाकलं होतं.

“सीट लई तापती इथं...” तोच तरुण म्हणाला.

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडलीही. “गाडी थंड ठेवलीत, माझं काय?”

त्यानं सीटवरचं गोणपाट उचललं. नुसता ऐकत राहिला. त्या गप्प राहण्याचाच तिला घरी जाईपर्यंत राग येत होता... आणि घरी गेल्यावर येईनासा झाला.

तिचे वडील भीमराज लष्कराच्या डेपोतून हमाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “दंड भरलास, ठीक. पण गप्प बसलीस तर मला आवडणार नाही, यशू.”

म्हणून तिनं ग्राहक मंचात तक्रार टाकली. वकील न करता, स्वतःच्या अक्षरात.

तो तरुण पुन्हा भेटला तो भिंगारच्या रस्त्यावर, सकाळी सकाळी. ती टायपिंगच्या क्लासला निघालेली, आणि हा पळत चाललेला. बनियन घामानं भिजलेलं, तोंडातून वाफा. लुना पाहून तो थबकला.

“आज कुठं लावनार गाडी?” त्यानं विचारलं.

“तुम्ही जिथं नसाल तिथं.”

“मग पार दौंडला जावं लागंल... मी समद्या नगरात पळतो.”

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. त्याचं नाव सोपान ठुबे. पारनेर तालुक्यातल्या कान्हूर पठारचा. सैन्यात भरती व्हायचं म्हणून नगरला राहिला होता. खोलीचं भाडं निघावं म्हणून सुपर बाजाराच्या गाडी-स्टँडवरचं हे काम.

मग ती क्लासला थोडी लवकर निघू लागली. तो पळे आणि ती शेजारून लुना हळू हळू चालवी. हिवाळ्याचं धुकं, बाभळींवर दव, आणि मधेच त्याचा तुटक आवाज.

“दमलात?” ती मुद्दाम विचारी.

“तुमच्या लुनाचं... पेट्रोल संपंल... मी न्हाई दमनार.”

“आणि किल्ली? ती अजून शेठकडंच?”

“साखळीची शेठकडं. बाकीच्या किल्ल्या...” तो नुसताच हसला, आणि तिचे कान तापले.

कधीतरी चौकातल्या टपरीवर दोघं चहा घेत. तो आपला फुंकून निववलेला ग्लास तिच्या हातात देई, कारण तिचा फार गरम असे. आपलं आडनाव त्याला ठाऊक आहे, आणि ते ऐकून त्याच्या गावात काय बोलतील हेही ठाऊक असणार, असं तिच्या मनात येई. तो विषय दोघंही टाळत. तेवढ्या सकाळी कुणाला काय सांगायचं असतं?

मंचात मात्र तारखांवर तारखा. दरम्यान सुपर बाजाराच्या भिंतीवर मोठा फलक लागला होता... ‘किमान खरेदी न केल्यास दंड’. त्यांच्या वकिलानं बेधडक सांगितलं की हा फलक पहिल्यापासून होता आणि बाईंनी तो वाचला नाही. यशोधराजवळ फक्त दंडाची पावती होती. कोऱ्या भिंतीचा पुरावा कुठून आणायचा?

एका सकाळी सोपान पळता पळता थांबला.

“शेठ म्हनतो, तू प्रतिज्ञापत्र दे. फलक आधीपासून हुता म्हनून.”

तिनं लुना बंद केली. “तुझं धावणं झालं, तपासणी झाली. आता पोलिसांचा दाखला आला की भरती. तू यात पडू नकोस, सोपान. दे सही करून.”

“तू मला ‘तू’ म्हनलीस.”

“ऐकतोयस का मी काय म्हणते ते?”

“ऐकलं की.” तो रस्त्याकडं बघत म्हणाला. “पन तुला त्या दिवशी पळताना मी बघितलंय. रिक्षामागं. मला न्हाई जमायचं.”

पुढच्या तारखेला तो मंचात आला. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं. अध्यक्षांनी बोलायला सांगितलं तसा म्हणाला, “फलक नव्हता, साहेब. साखळी मीच लावली. मॅडमनं नियम कुठं लिव्हलाय इचारलं, तवा मी कोरी भिंत दावली.”

भिमाजीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. यशोधराला तेच फार भयंकर वाटलं.

आठवड्याच्या आत सोपानवर चोरीची तक्रार दाखल झाली. स्टँडवरचा गल्ला त्यानं लांबवला म्हणे. चौकीत नाव लागलं, जामीन झाला, आणि भरतीसाठी लागणारा चारित्र्याचा दाखला तिथंच अडकला. ज्यांच्याबरोबर तो पळत होता ती पोरं ट्रंका घेऊन गेली. हा स्टेशनपर्यंत त्यांना सोडून आला.

यशोधराला रात्री झोप लागेना. आपली एक मुलाखत गेली होती, त्याचं तर सगळं आयुष्यच गेलं. एक दिवस ती एकटीच भिमाजीसमोर जाऊन उभी राहिली.

“मी तक्रार मागं घेते. तुम्ही त्याच्यावरची घ्या.”

भिमाजीनं पान चावत विचार केला. “नुसती मागं घेऊन काय? लिहून द्या, की त्या पोरानं पैशासाठी खोटी साक्ष दिली. मग बघू.”

तिनं होकार दिला नाही. पण नाहीही म्हणाली नाही... कोरा कागद घेऊन सरळ सोपानच्या खोलीवर गेली. तो दारातच होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं कागद घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

“हे लिव्हलंस, तर मी खोटा.”

“पण सुटशील तू!”

“आन तू?”

“माझं काय राहिलंय आता?” तिचा आवाज फुटला. “मला नोकरी नको, निकाल नको. तू सुटावास एवढंच... मला तू आवडतोस, सोपान. तुला कळत कसं नाही?”

सोपाननं कागद हळूच परत तिच्या हातात दिला.

“कळतंय. पयल्या दिवशी वरडलीस ना माझ्यावर, तवापासून मला बी दुसरं काय सुचत न्हाई.” तो कोरडं हसला. “म्हनून तर म्हनतो, लिव्हू नको. माझ्याकडं आता तेवढंच हाय. तुझ्यासाठी एकदा खरं बोललो, तेवढंच.”

तिनं लिहिलं नाही.

निकाल तिच्या बाजूनं लागला. दंड बेकायदा ठरला, पैसे परत, वर थोडी भरपाई. सुपर बाजाराला फलक काढावा लागला. लोक तिला रस्त्यात थांबवून शाबासकी देत. तिला ती नकोशी होई. मुलाखतीची जागा केव्हाच भरली होती. भरपाईचे पैसे घेऊन ती सोपानकडं गेली, वकिलाला दे म्हणाली. त्यानं घेतले नाहीत, तेव्हा भीमराजनी ते स्वतः वकिलाच्या टेबलावर ठेवले.

नगरात चोरीचा आळ घेऊन काम मिळेना. गावी गेला, तर वडिलांनी ओसरीवरूनच विचारलं, “नाद कुनाचा लागला, आन जात कंची तिची?” त्यानं दोन्हींची खरी उत्तरं दिली आणि त्याच एस.टी.नं परत आला. सुरतेला एका ओळखीच्या माणसानं कापडाच्या गिरणीत लावतो म्हटलं होतं.

माळीवाड्याच्या स्टँडवर ती त्याला सोडायला गेली. धुळीचा वारा सुटला होता. त्यानं खिडकीची जागा धरली, ती खाली उभी.

“मलाही ने,” ती म्हणाली.

“कुठं नेऊ? तितं एका खोलीत आठ जनं झोपतात.” त्यानं गजांमधून हात बाहेर काढला. चारचौघांत, पहिल्यांदाच, तिनं तो धरला. “वाट बघ असं बी मी म्हननार न्हाई. मला तोंड न्हाई ते म्हनायला.”

“नको म्हणूस.”

कंडक्टरनं बेल दिली. गाडी हलली. तिला एकदम भीती वाटली, की हा हात सुटला की सुटलाच... पुन्हा या शहरात यायला त्याच्याजवळ कारणच काय उरलं होतं?

“केसच्या तारखेला तरी येशील ना?”

“यावंच लागंल! न्हाई आलो तर वॉरंट निघंल!”

तिला हसू फुटलं. त्या गर्दीत, वॉरंटच्या नावानं, ती वेड्यासारखी हसली. मग ते हसू मोडलं, आणि तोंडावर ओढणी धरून ती तिथल्या बाकावर बसली. ज्या केसनं त्याचं सगळं नेलं होतं, ती लवकर संपू नये, असं तिला वाटत होतं. आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटत नव्हती.