सातव्या दारामागचं घर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला कोणाशी बोलायला आवडत नाही. मी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वर्षभर पोरांशी आणि पोरांच्या बापांशी बोलून घसा बसलेला असतो. मे महिन्यात मी गाडगेनगरच्या घरात आईसोबत पडदे ओढून बसते आणि एकच चैन करते: मोबाइलवर 'सात दरवाजे' नावाचा गट वाचते.

'सात दरवाजे' हा आमच्या लहानपणचा टीव्ही गेम. पिवळ्या कॅसेटमध्ये मिळायचा. कॅसेटवर जपानी अक्षरं, खरं नाव कोणालाच वाचता यायचं नाही, म्हणून इकडच्या पोरांनी हे नाव पाडलं. कंदील घेतलेला एक ठेंगणा पोरगा एकेक दार उघडत जातो. सातवं दार उघडलं की पडदा काळा होतो आणि गेम पुन्हा पहिल्यापासून. बस. आत काय होतं ते दाखवतच नाहीत. ही फसवणूक आमच्या पिढीनं अजून माफ केलेली नाही.

यंदा बातमी फिरली की तो गेम नव्यानं बनवणार आहेत. खरी की खोटी, कोणास ठाऊक. गटाला मात्र ऊत आला. चाळिशीतले बाप्ये, कोणी बँकेत, कोणी कापसाच्या व्यापारात, आणि दिवसभर वाद एकच: या वेळी सातव्या दारामागे काय असेल? कोणाला राक्षस हवा, कोणाला खजिना. मी नुसती वाचायची, कधी लिहायची नाही. तो गेम माझा नव्हताच. माझ्या मोठ्या भावाचा, नागसेनचा होता.

नागसेन दहावीच्या निकालाची वाट पाहत असताना गेला. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता. त्यानंतर आम्ही फ्रेझरपुऱ्यातलं ते घर सोडलं. आता तिथं घर नाही, दुकानांचे गाळे आहेत.

एका दुपारी गटाचा अॅडमिन, अकोल्याचा ललित, यानं लिहिलं: 'माझा अंदाज सांगतो. सातव्या दारामागं एक साधं घर राहीन. निळी भिंत, अर्धीच रंगवलेली. दारात कडुनिंब. ओट्याची एक फरशी फुटलेली, आन् ओट्यावर एक पोरगी बसलेली.'

मी उठून बसले. आमची भिंत अर्धी निळी होती, कारण बाबांचा रंग मध्येच संपला होता. फुटलेल्या फरशीत मी चिंचोके लपवायची.

योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. वऱ्हाडात निळ्या भिंती आणि कडुनिंब कमी आहेत का? पण तेवढ्यात धामणगावच्या शेखरनं खाली लिहिलं: 'सई बात! त्या पोरीची एक वेनी सुटलेली राह्यते, पाहा.' नागपूरहून तिसऱ्यानं भर घातली: 'अन् ती वेणी चावत बसते.'

ती मी होते. वेणी चावते म्हणून आई मला मारायची.

मला भीती वाटली नाही. संताप आला. कोणीतरी आमच्या घरी येऊन गेलेलं होतं, नागसेनच्या वर्गातलं कोणीतरी, आणि आता आमचं घर खेळायला काढलं होतं. मी पहिल्यांदाच गटात लिहिलं, 'हे तुम्हाला कोणी सांगितलं?' ललितनं हसरा चेहरा पाठवला. शेखर म्हणाला, 'मॅडम, सांगा कायले लागते? डोळे मिटले का दिसते.'

दोन दिवस ते घर सजवत होते. ओसरीवर सायकल हवी की नको. छपराला पत्रा की कवेलू. मग कोणीतरी म्हणालं, कडुनिंब तर घरोघरी असतो, त्याऐवजी चिंच दाखवली तर? सगळ्यांनी अंगठे वर केले. ठरलं.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी सहज विचारलं, "आई, फ्रेझरपुऱ्यातल्या घरापुढं कोणतं झाड होतं गं?"

"चिंच," आई म्हणाली. "कावून?"

"कडुनिंब होता, आई."

"बह्याड झाली का? चिंच होती. तुह्या बाबाले तिच्या सावलीत निजू देत नव्हती मी. चिंचेखाली निजू नाई मानसानं."

"निंबोळ्यांचा सडा पडायचा. तू झाडता झाडता शिव्या द्यायचीस!"

"ओरडतं कायले माह्यावर?"

मी कपाटातून फोटो काढला. आम्हा भावंडांचा तेवढा एकच फोटो आहे, ओट्यावर बसलेला. शेकडो वेळा पाहिलेला. नागसेनच्या डोक्यावर एक फांदी आली होती आणि फांदीला शेंगा लोंबत होत्या. चिंचेच्या.

मी शिक्षिका आहे. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पोरांना शिकवते. फोटो हा पुरावा. मी तो पुरावा उपडा ठेवला आणि दातओठ खात पडून राहिले. मला निंबोळीचा वास आठवत होता, आणि तो वास आठवायला आता जगात मी एकटी उरले होते.

सकाळच्या एसटीनं मी अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हाच लोखंडी दांडीला हात लावता येत नव्हता. खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं भेगाळून पडलेली. रस्ताभर मी भांडणाची वाक्यं जुळवत होते. पोलिसांत देईन, अब्रू काढीन, अजून काय काय.

ललितचं दुकान जठारपेठेत होतं, मोबाइल दुरुस्तीचं; पत्ता त्यानं गटावरच दिलेला होता. काचेच्या कपाटात पिवळ्या कॅसेटी मांडलेल्या. माणूस टकलाकडं झुकलेला, शांत, चष्मा कपाळावर. मी नाव सांगितलं तसं त्यानं स्टूल पुढं केलं.

"बसा ताई. उन्हाच्या आल्या. पानी देऊ?"

"पाणी नको. माझ्या घराबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमचं घर?" तो खरोखर गोंधळला. "ताई, मी अमरावतीले दोनदा आलो असीन, लग्नाले."

"निळी भिंत. फुटकी फरशी. ती वेणी चावणारी पोरगी मी आहे!"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा पाहिलं. "हो," तो हळूच म्हणाला. "सारखी दिसता खऱ्या."

मला वाटलं होतं तो नाकारेल, हसेल, घाबरेल. तो तर कौतुकानं पाहत होता, नट भेटल्यावर पाहतात तसा.

"कसं हाये ताई," तो म्हणाला, "आमी काई बनवून नाई राह्यलो. आमी फक्त अंदाज करून राह्यलो. पन सगळ्याईले येकच दिसते. आता आतल्या खोलीचं चालू हाये. आत एक पोट्टा हाये ना, टीव्हीपुढं."

मी स्टुलावर बसले.

"थो उठते, आन् त्याचे पाय ओले राह्यतात, आन् थो कूलरले..." ललित थांबला. "थे कोनालेच पटून नाई राह्यलं. येवढे दरवाजे पार करून यायचं आन् पोट्टा मरते? सगळ्याईचं म्हननं पडलं, नव्या गेममदी थो वाचला पायजे. त्यानं कूलरले हात नाई लावला पायजे."

कूलरबद्दल मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. कधीच. आम्ही लोकांना ताप म्हणून सांगितलं होतं. बाबांना ती वायर स्वतःच्या हातानं जोडल्याचं सहन होत नव्हतं.

रस्त्यावरून ऑटो जात होते. समोरच्या दुकानात कोणीतरी बर्फ फोडत होतं. मी ठरवून आलेली सगळी वाक्यं विसरले.

"मग वाचवा की त्याला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तेच तं. पन येक अडचन हाये." त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे शेखरनं लिवलं, पाहा. ओट्यावरच्या पोरीचं काम काय, तं पोट्टा पडला का बोंबलत गल्लीभर धावनं. तेवढंच काम. पोट्टा वाचला तं मंग तिचं काय काम राह्यते? उगीच बसून दिसते. थो म्हनते, तिले काढून टाकू."

खाली अंगठे होते. खूप अंगठे.

तेवढंच काम. एवढी वर्षं आईला सांभाळलं, बाबांना शेवटचं पोहोचवलं, शिकले, शिकवलं, एकटी राहिले, आणि या लोकांच्या लेखी माझं काम एकदा बोंबलत गल्लीभर धावणं. मी त्याच्या टेबलावर हात मारला. स्क्रू ड्रायव्हर, भिंगं, उघडलेले मोबाइल, सगळं फरशीवर गेलं. लोक थांबून पाहू लागले.

"तुमी नाई म्हनान तं ठेवू तिले," ललित खाली वाकत म्हणाला. "मंग पयलं होतं तसंच ठेवा लागन. पोट्ट्यासकट."

तो धमकी देत नव्हता. पडलेले स्क्रू गोळा करत खरंच माझं मत विचारत होता.

"काढा तिला!" मी ओरडले. "काढा! कोणाला हवी आहे ती!"

रागात बोलले, असं म्हणता येईल. पण मला पूर्ण कळत होतं मी काय बोलतेय. किंवा कळत नव्हतं. ललितनं मान हलवली आणि जमिनीवर बसल्या बसल्याच टाइप केलं.

परतीच्या बसमध्ये मी पूर्ण वेळ स्वतःवर चिडत होते. शिकलेली बाई, आणि एका दुकानदारापुढं तमाशा करून आले. गट उघडायला गेले तर यादीत नव्हता. काढलं असेल मला, म्हटलं. बरं झालं.

गाडगेनगरला पोहोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. दाराशी पुरुषाची चप्पल होती, मोठी, टाचेला झिजलेली. मी बेल वाजवली.

आईनं दार उघडलं. अंगावर हिरवं लुगडं होतं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ती जाड झाली होती. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली काळं नव्हतं. एवढी छान मी तिला कधीच पाहिली नव्हती.

"कोन पायजे, बाई?"

"आई, पुरे," मी म्हणाले. "सरक. मी दमलेय."

ती सरकली नाही. कपाळाला आठी घालून पाहत राहिली. "कोनाकडं आल्या तुमी?"

आतून खोकल्याचा आवाज आला. मग एक जाड, मध्यमवयीन आवाज. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. वाक्याच्या शेवटी वर जाणारी ती लकब मात्र ऐकलेली होती.

"आई, कोन आलं वो?"

"कोनी नाई रे नागसेन. पत्ता चुकल्या वाटते."

मला आत धावायचं होतं. त्याला एकदा पाहायचं होतं. पाय उंबऱ्यापुढं गेलेच नाहीत.

"आई," मी म्हणाले. मला राग आला होता, आणि तो आता कोणावर करायचा हे कळत नव्हतं. "मी रागिणी आहे. रागिणी!"

तिचा चेहरा मऊ झाला. तिनं आत वळून स्टीलच्या गिलासात पाणी आणलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं आणि मी पिऊन संपवेपर्यंत माझ्याकडं पाहत उभी राहिली.

"चांगलं नाव हाये," ती म्हणाली. "मले पोरगी झाली असती ना, तं हेच ठेवनार होती मी."