पहिला वन्समोअर

ऑर्केस्ट्राचं पहिलं गाणं संपलं की सभागृह क्षणभर घुटमळतं. गाणं आवडलेलं असतं, पण आधी आपणच कशाला ओरडायचं, असं ज्याला त्याला वाटत असतं. अशा वेळी मागून एकानं खणखणीत 'वन्समोअर' टाकला की झालं. मग शिट्ट्या येतात, टाळ्या येतात आणि गाणाऱ्याच्या गळ्यात जीव येतो. तो एक आवाज मिळाला नाही, तर दुसऱ्या गाण्याला लोक शेंगा सोलायला लागतात.

जोतीरामच्या ऑर्केस्ट्रात हा पहिला वन्समोअर सोमशेखरचा असे. कॉलेज सुटल्यापासूनची ती वहिवाट होती. सोमशेखरला ना सूर कळत होता ना ताल, पण आवाज असा, की गल्लीच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाची म्हैस मान वर करायची. 'मो'वर तो जो हेल काढायचा, तो त्याचाच. शेवटच्या रांगेत, खांबावरच्या पंख्याखाली, जोतीरामची आई विठाबाई लवकर येऊन बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून त्याची जागा धरायची. हा यायचा, रुमाल उचलायचा आणि बसायचा.

पहिल्याच कार्यक्रमाला त्यानं निळा शर्ट घातला होता आणि कार्यक्रम रंगला, म्हणून पुढं कितीतरी वर्षं तोच शर्ट. कॉलर विरली तेव्हा घरात निळा दोरा नव्हता, तर त्याच्या आईनं, शांतव्वानं, पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातले. शेवटी एकदा तो शर्ट बोहारणीला गेला आणि घरात स्टीलचा डबा आला. त्याच डब्यातून सोमशेखर कागलच्या कंपनीत भाकरी नेत असे.

दोन हजार एक साल लागलं तोवर ऑर्केस्ट्राचे दिवस फिरले होते. मंडळांना डॉल्बी हवा होता. जोतीरामच्या वाट्याला उरलेसुरले बारशाचे आणि वाढदिवसाचे कार्यक्रम यायचे, आणि ऑर्गन वाजवणारा पिराजी लग्नाच्या बँडात जायला लागला होता. अशात व्यापाऱ्यांच्या एका संघटनेनं त्यांना आपल्या स्नेहसंमेलनाला बोलावलं. कार्यक्रम रंगला तर वर्षभराची कामं मिळणार होती, आणि पडला तर वाद्यं विकायची, असं जोतीरामनं ठरवून टाकलं होतं. हे सांगायला तो कंपनीच्या फाटकापर्यंत आला.

"सोम्या, ह्या टायमाला तू पायजेस," तो म्हणाला. "तुझा एक आवाज उठला की म्होरलं मी बघतो."

सोमशेखरनं येतो म्हणून शब्द दिला. मनापासूनच दिला.

पण त्या संमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून नेमके कंपनीचे कारखानीस साहेब निघाले. ते पुण्याहून आलेले, इथलं फारसं कुणी ओळखीचं नाही, म्हणून म्हणाले, तुम्हीही चला आमच्याबरोबर. सोमशेखरला कायम करायचं की नाही, ते याच साहेबांच्या हातात होतं. त्यानं नवीन पांढरा शर्ट इस्त्री केला आणि साहेबांच्या गाडीत पुढं, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

वाटेत साहेबांच्या बाईंनी मागून विचारलं, "ऑर्केस्ट्रा म्हणजे ते चमकीच्या कोटातले लोक ना? तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही हो," सोमशेखर म्हणाला. "नुसतं नाव ऐकलंय."

हे खोटं त्याच्याकडं कुणी मागितलं नव्हतं. ओळखीचे आहेत म्हणाला असता तर साहेबांनी काही गाडीतून उतरवलं नसतं. पण जीभ बोलून गेली, आणि मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उद्या जोत्याला सगळं समजावून सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

संमेलनाचं मंगल कार्यालय मार्केट यार्डाच्या अंगाला होतं. वर पत्र्याचं उंच छप्पर, दोन्ही बाजूंना लोखंडी खांब. गुऱ्हाळांचा हंगाम होता, त्यामुळं गुळाचा गोडसर वास भिंतींतसुद्धा मुरल्यासारखा झाला होता. पुढं पाहुण्यांसाठी पांढऱ्या खोळी घातलेले सोफे आणि मागं घडीच्या लोखंडी खुर्च्या. थंडी बरीच होती. सोमशेखर पाहुण्यांसोबत पुढच्या दारानं आत आला. मागं शेवटच्या रांगेत रुमाल टाकलेला असणार हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्यानं तिकडं पाहिलं नाही.

सुरुवातीला पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायला जोतीराम स्वतः खाली उतरला. अंगात सोनेरी चमकीचा कोट. साहेबांना फूल दिलं, बाईंना दिलं आणि मग तो सोमशेखरपुढं आला. फूल देताना बोटांना बोटं लागली.

"नमस्कार," जोतीराम म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याकडं सरकला. डोळ्यांत ओळखीचं काही हललं नाही.

गडी समजूतदार आहे, आपली अडचण त्यानं ओळखली, असं सोमशेखरला वाटलं. आधी सुटल्यासारखं झालं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली. त्यानं फूल खिशाला लावलं.

पहिलं गाणं जुन्या सिनेमातलं होतं. जोतीराम चांगला गायला. गाणं संपलं आणि सभागृह घुटमळलं. सवयीनं सोमशेखरचं पोट आत गेलं, छाती भरली. शेजारी साहेब घड्याळ बघत होते. त्यानं भरलेला श्वास हळूच, आवाज न करता सोडून दिला.

मागून आवाज आला, "वन्स मोऽऽअर!"

लगेच शिट्ट्या उठल्या. सोमशेखरला हायसं वाटलं. कुणीतरी वेळ मारून नेली होती. बाई हसून म्हणाल्या, "काय ओरडतात हो एकेक!" तोही त्यांच्याबरोबर हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की 'मो'वरचा तो हेल त्याचाच होता. असेल कुणी नक्कल करणारा, त्यानं मनाची समजूत घातली. इतकी वर्षं ऐकून एखाद्यानं उचलला असेल.

तिसऱ्या गाण्यानंतर तो आवाज पुन्हा आला. या वेळी सोमशेखरच्या घशात काहीतरी खरवडलं, जणू तो स्वतःच ओरडला होता. तो खोकला. मान वळवून मागं पाहिलं, पण तिकडचे दिवे मालवलेले होते. स्टेजच्या उजेडात खांबावरच्या पंख्याची पाती तेवढी दिसत होती. एवढ्या थंडीत तो पंखा फिरत होता.

मध्यंतरात पाणी पिऊन येतो असं सांगून तो मागं गेला. विठाबाई नेहमीच्या जागेवर शाल लपेटून बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि रुमाल उचललेला होता.

"कुटं उठून गेलतास?" विठाबाईनं विचारलं. "आन् ह्यो पांढरा शर्ट कवा घातलास? निळाच बरा दिसत हुता की."

"मावशी, मी आत्ताच…" त्याचा आवाज चिरकला.

"बसला न्हवं घसा? वरडायचं तरी किती माणसानं." तिनं पिशवीतून खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली. "बस आता. उभा का?"

त्यानं खुर्चीवर तळवा टेकवला. आजूबाजूच्या खुर्च्यांचं लोखंड हाताला झोंबत होतं. ही खुर्ची कोमट होती. बराच वेळ कुणीतरी बसून नुकतंच उठावं, तशी.

बसायचं तर आत्ताच बसायला हवं, हे त्यालाही कळत होतं. पुढून साहेबांनी हात हलवून बोलावलं.

"आलोच, मावशी," तो म्हणाला आणि सोफ्याकडं गेला. खडीसाखर तशीच खिशात गेली.

उत्तरार्ध असा रंगला, की लोक खुर्च्यांवरून उठून नाचायला लागले. प्रत्येक गाण्याला मागून पहिला आवाज तोच उठत होता, आणि दर खेपेला सोमशेखरचा घसा आणखी सोलवटत होता. अवाक्षर न बोलता तो घामानं निथळत बसून होता. व्यापाऱ्यांचे सेक्रेटरी पुढं येऊन जोतीरामच्या कानात काहीतरी बोलले, आणि जोतीरामचा चेहरा एकदम उजळला. कामं मिळाली होती. सोमशेखरला आनंद झाला, आणि त्या आनंदावर आपला काही हक्क नाही असंही वाटलं.

शेवटच्या गाण्याआधी जोतीरामनं वाद्यं थांबवली.

"ह्यो ऑर्केस्ट्रा ज्याच्यामुळं हुबा हाय, त्यो गाणारा न्हाय," तो माइकवर म्हणाला. "त्यो मागं बसनारा हाय. माजा दोस्त, सोमशेखर. सोम्या, हुबा ऱ्हा की रं. लोकांस्नी बघू दे."

साहेबांनी मान वळवली. "तुमचंही नाव सोमशेखरच ना?"

एवढाच क्षण होता. उठून उभं राहायचं, बस्स. त्याचे गुडघे हललेसुद्धा.

"हो साहेब," तो म्हणाला. "आमच्यात बऱ्याच जणांचं असतं ते."

मागं लोखंडी खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

टाळ्यांचा कडकडाट उठला. सगळं सभागृह मागं वळलं. साहेब वळले. बाई अर्धवट उठून पाहू लागल्या.

एकटा सोमशेखर स्टेजकडं तोंड करून बसला होता. जोतीराम त्याच्या डोक्यावरून थेट मागं बघत होता. हात उंचावलेला, डोळे भरून आलेले.

"अय्या," बाई म्हणाल्या, "थोडासा तुमच्यासारखाच आहे हो."

सोमशेखरनं मागं पाहिलं नाही.

टाळ्या थांबेनात. मग त्यानंही वाजवल्या.

कार्यक्रमानंतर साहेबांना तो म्हणाला, मी चालत जातो. ते सगळे कुठं भेटणार हे त्याला विचारायला नको होतं. प्रत्येक कार्यक्रमानंतर ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात. सोमशेखरला मटण चालत नव्हतं आणि जोतीरामला घसा शेकायला धारोष्ण दूध हवं असायचं, म्हणून ही रीत पडली होती. पाय धरू, शिव्या खाऊ, पण आज रात्रीच सांगून टाकू, असं पुटपुटत तो चालत राहिला.

म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या होत्या. चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. जोतीराम आणि पिराजी गलास घेऊन उभे होते, विठाबाई कट्ट्यावर बसली होती. जरा पलीकडं, म्हशीच्या आडोशाला, आणखी एक जण पाठमोरा उभा होता.

"जोत्या," सोमशेखरनं हाक मारली. आवाज फाटका आला.

जोतीराम वळला. त्यानं त्याचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, खिशाचं फूल पाहिलं आणि हात जोडले.

"या की पावणं. म्होरं सोफ्यावर बसलतासा न्हवं? आवडला का कार्यक्रम?"

चेष्टा करतोय, सोमशेखरला वाटलं. करू दे, आपण त्याच लायकीचे. त्यानं विठाबाईकडं पाहिलं. परक्या माणसापुढं घेतात तसा तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला होता.

"जोत्या, मी सोमशेखर."

"व्हय?" जोतीराम हसला. त्या हसण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ते पाहुण्यासाठीचं मनमोकळं हसू होतं. "आमच्यातबी हाय एक. असतंय की. तुमच्यात लई जणांचं असतंय त्ये." मग तो गवळ्याला म्हणाला, "पावण्यांस्नी एक गलास दे रं. घसा बसलाय त्येंचा."

गलास गरम होता. सोमशेखर तो हातात धरून उभा राहिला. ते चौघं पुन्हा आपल्या बोलण्यात शिरले. पाठमोरा माणूस काहीतरी म्हणाला आणि सगळे खळखळून हसले. त्याच्या निळ्या कॉलरीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते.

सोमशेखर घरी पोचला तेव्हा शांतव्वा झोपली होती. सकाळी कामावर निघताना तिनं भाकरी फडक्यात बांधून पुढं केली. डबा कुठं आहे, असं त्यानं विचारलं.

"कसला डबा?" ती म्हणाली. "आपल्यात कवा हुता डबा?"

"स्टीलचा. माझ्या निळ्या शर्टावर घेतलेला."

शांतव्वानं परड्याकडं बोट केलं.

"शर्ट धुतलाय की मी," ती सावकाश म्हणाली. "रातीच्याला आल्या आल्या काढून दिलास न्हवं."

परड्यात दोरीवर तो वाळत होता, आणि अजून निथळत होता.