केरूबाबांचा डावा कान

रविवारी दुपारी संघरत्नाने बाबांना शेणव्याहून शहापूरला आणलं, ते फक्त कान तपासायला. बाजारातल्या कानाच्या दवाखान्यात ती सहा वर्षं तपासणीचंच काम करत होती, आणि बाप मात्र ठार बहिरा. लोक हसायचे, तीही हसायची. पण गेल्या आठवड्यात हायवेवर टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला, तरी केरूबाबा जागचे हलले नाहीत. टेम्पो हातभर अंतरावर थांबला. तेव्हापासून तिचं हसू पळालं होतं.

केरूबाबांनी तीस वर्षं खडीच्या मशीनवर काढली होती. संध्याकाळी ते ओट्यावर टेकले की संघरत्नाची आई शालन पीठ लागल्या हातांनीच त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची आटगावला गाडी चुकली. त्या कुजबुजीनेच संघरत्नाला झोप लागायची. काय सुखाचे दिवस होते ते! आई जाऊन दोन वर्षं झाली. मोबाइलमध्ये तिचे फोटो ढीगभर, आवाज एकही नाही. आताशा तो आवाज आठवेनासा झाला होता, आणि त्याची संघरत्नाला फार लाज वाटायची.

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. गाद्या लावलेल्या बंद खोलीत बाबांना बसवून तिने कानाशी ओरडून समजावलं, "बाबा, आवाजानं कानाचा पडदा हलतो. त्याच्यामागं तीन इवली हाडं, मग शंखासारखी नळी. तिच्यातलं पाणी हललं की बारीक केस हलतात, ते मेंदूला कळवतात. तुमचे ते केस खडीनं मारले."

"मंग तुजी आय बोलते, ते कसं ऐकू येतं गो मला?"

बहिऱ्या माणसांना असे भास होतात, हे तिला ठाऊक होतं.

धडधाकट कान नुसता ऐकत नाही, हलकासा आवाज परतही देतो. तो टिपणारा बारीक माइक तिने बाबांच्या डाव्या कानात सरकवला आणि हेडफोन आपल्या डाव्या कानाला लावला. त्या मेलेल्या कानातून काहीच यायला नको होतं.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी टेकताना सोडतं तसा सुस्कारा... बंद खोलीत तांदळाच्या पिठाचा वास दरवळला.

"संघे... जेवलीस का गो?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आई..."

"त्यांना कानाचं मशीन लाव. गाडीखाली जातील एक दिवस."

"आणि तू?"

"मी बगीन माजं..."

तिने बाबांच्या डाव्या कानात ऐकायचं मशीन बसवलं. बाबांना पंखा ऐकू आला, रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. मग त्यांचा चेहरा उतरला.

"गेली गो ती," म्हणाले, आणि रडले.

सोमवारी एका पेशंटने डावीकडून काहीतरी विचारलं, ते तिला कळलंच नाही. तिने स्वतःचा डावा कान तपासला. मोठ्यात मोठा आवाजही पोचत नव्हता. असा अचानक गेलेला कान लगेच डॉक्टरांना दाखवला तर वाचू शकतो, हे ती लोकांना रोज बजावायची. तिने फोन उचललाही. तेवढ्यात त्याच कानात आई म्हशीचं सांगू लागली, अगदी जवळून. संघरत्नाने फोन ठेवून दिला.

आज बारावा दिवस. डॉक्टरांना तिने अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी ती ओट्यावर एकटीच बसते, आणि खरं सांगायचं तर सुखात असते. काल मात्र आई बोलता बोलता मधेच थांबली. तिच्या मागे कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणीतरी.

"संघे," आई हळूच म्हणाली, "उजवा कान पण दे गो... इथं लय जणी थांबल्यात."