तिथीत हरवलेली घरटी

शेवरेबंदरच्या किनाऱ्यावरची कासवांची सगळी घरटी एका रात्रीत गेली तरी कुठे?

म्हणजे वाळूत ती होतीच हो! कुंपणाच्या आत, जिथल्या तिथे, प्रत्येकावर नंबराची खुंटी. गेली होती ती गावाच्या कासवांच्या संकेतस्थळावरून. सकाळी ते सांभाळणाऱ्या शाल्मली खारवीनं पान उघडलं, तर वर तिनंच हौसेनं रंगवलेलं कासव आणि खाली एकच ओळ: 'आज पिल्लं बाहेर येतील असं घरटं नाही.' उद्याचं पाहिलं, तिथेही तेच. परवाचं पाहिलं, तिथेही तेच! सातवीतल्या शाल्मलीनं धावत किनारा गाठला.

त्या काळात ऊन फार वाढलं होतं. दिवस जरा चढला की वाळू पाय भाजायची. अंड्यांतून निघालेली पिल्लं सावलीशिवाय वर आली, तर समुद्र गाठायच्या आधीच बिचारी सुकून जात. शिवाय कावळे टपलेले. सावलीची कापडं आणि टोपल्या मोजक्याच होत्या. म्हणून आज कोणत्या घरट्याची पाळी आहे हे संकेतस्थळावर बघायचं आणि तिथेच टोपली मांडायची, अशी पद्धत होती. हे काम किनाऱ्याचे राखणदार दाजीकाका करत.

आणि दाजीकाकांसाठीच तर हा सगळा उपद्व्याप झाला होता! त्यांचं अख्खं आयुष्य होडीत गेलेलं. "अगो, तारखेनं मला काय कळणार?" ते नेहमी म्हणत. "तिथी सांग. म्हणजे भरती कधी, ओहोटी कधी, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं." म्हणून काल संध्याकाळी शाल्मलीनं, कोणाला न विचारता, संकेतस्थळावर तारखांच्या जागी तिथी आणल्या होत्या. काकांना चकित करायचं होतं तिला. झालं भलतंच.

"काका, मी सगळी माहिती पुसून टाकली," ती कशीबशी म्हणाली.

दाजीकाका ओरडले असते तर परवडलं असतं. ते टोपली घेऊन कुंपणाकडे वळले. "एवढ्या घरट्यांत आज कुठे टोपली ठेवू गो मी?" त्यांनी हळूच विचारलं. ते ऐकून शाल्मलीला रडूच फुटलं.

इतक्यात तुरुतुरु तिरका चालत खेकडोबा आला. खेकडोबा म्हणजे किनाऱ्यावर गस्त घालणारा यंत्रमानव. पाय आठ, डोळे दोन आणि जीभ भलती तिखट.

"रडून वाळू थंड होत असती, तर मीही दोन थेंब गाळले असते," तो म्हणाला. "पुसलंस म्हणतेस, ते पाहिलंस का?"

"पान रिकामं आहे की!"

"पान रिकामं आहे. मी कोठीबद्दल विचारतोय."

शाल्मली गोंधळली. खेकडोबानं नांगीनं वाळूत तीन चौकोन काढले.

"लग्नाच्या पंगतीत बसली आहेस ना कधी? लाडू कुठे असतात? कोठीत. तुझ्या संकेतस्थळाची कोठी म्हणजे डेटाबेस (नीट रचून ठेवलेला माहितीचा साठा). तिची किल्ली मॉडेलकडे (माहिती ठेवणारा आणि काढून देणारा भाग). तुझ्यासमोर पान मांडतो तो व्ह्यू (माहिती दिसायची कशी, एवढंच बघणारा भाग). आणि पंगतीतून 'लाडू!' अशी हाक आली की कोठीकडे धावतो, लाडू आणून वाढायला देतो, तो कंट्रोलर (मागणी ऐकून कामं वाटणारा भाग). आपलं संकेतस्थळ एका फ्रेमवर्कवर (बांधकामाच्या तयार सांगाड्यावर) उभं आहे, त्यात हे तिघं वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. कशासाठी?"

शाल्मलीनं डोळे पुसले. "पानावर काही सांडलं, तरी कोठीतले लाडू खराब होऊ नयेत म्हणून?"

"शाबास! आता कोठीलाच विचारू."

खेकडोबानं मॉडेलला थेट सांगितलं, असतील तेवढी घरटी दे. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर भराभर ओळी उतरल्या. प्रत्येक घरट्याचा नंबर, जागा, अंडी घातल्याची तारीख, पिल्लं यायची तारीख. एकही घरटं गेलेलं नव्हतं!

"हुश्श!" शाल्मली वाळूत मटकन बसली. दाजीकाकांनी टोपी काढून घाम पुसला. "जीव घेतलास गो पोरी," ते म्हणाले आणि हसले.

"मग पान रिकामं का?" आता शाल्मलीला राहवेना. "कोठी भरलेली, व्ह्यू तर चांगला दिसतोय..." ती थबकली. "कंट्रोलर! तिथींच्या सूचना मी कंट्रोलरमध्ये लिहिल्या!"

"म्हणजे तो कोठीकडे जाऊन काय म्हणाला असेल?"

"'फाल्गुन वद्य पंचमीची घरटी दे,' असं. आणि कोठीत तर पिल्लं यायच्या सगळ्या तारखा मार्च-एप्रिलच्या!"

"मॉडेल बापडं प्रामाणिक. शोधलं, सापडलं नाही, 'नाही' म्हणालं," खेकडोबा म्हणाला. "आता तुझ्या तिथी जिथे शोभतात तिथे नेऊन ठेव."

शाल्मलीनं तिथीच्या सूचना कंट्रोलरमधून उचलल्या आणि व्ह्यूमध्ये ठेवल्या. आता कंट्रोलर तारखेनंच विचारणार, मॉडेल तारखेनंच देणार, आणि तारखेची तिथी होणार ती पानावर मांडताना, अगदी शेवटी. तिनं पान पुन्हा उघडलं.

'आज, फाल्गुन वद्य पंचमी. केवड्याच्या बाजूचं कोपऱ्यातलं घरटं.'

दाजीकाकांनी ते स्वतः वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि टोपली घेऊन या वयात असे पळाले की शाल्मली मागे पडली! वाळू नुकतीच तापू लागली होती. घरट्याच्या मधोमध खळगा पडला होता आणि त्यातून एक काळं, चिमुकलं डोकं वर आलं होतं. काकांनी कापड ताणलं, टोपली उपडी घातली. बघता बघता टोपलीखाली वळवळच वळवळ झाली.

ओल्या वाळूवर सोडल्यावर पिल्लं लुटुलुटु निघाली. शेवटचं पिल्लू लाटेत दिसेनासं झालं, तेव्हा शाल्मली रडत होती आणि हसतही होती.

"हेच पान बघणाऱ्या पलीकडच्या गावांनाही हे कळायला हवं," दाजीकाका म्हणाले.

शाल्मलीनं पानावरचं 'पिल्लं पोचली' हे बटण दाबलं. मागणी कंट्रोलरकडे गेली, मॉडेलनं कोठीत नोंद केली, व्ह्यूनं पान नव्यानं मांडलं. त्याच क्षणी पलीकडच्या प्रत्येक किनाऱ्यावर, ज्याच्या त्याच्या व्ह्यूप्रमाणे कोणाच्या पडद्यावर तारखेनं तर कोणाच्या पडद्यावर तिथीनं, तीच बातमी उमटली: 'सगळी पिल्लं समुद्रात पोचली.'