टेकडीखालची माती

मुलुंडच्या बाजारामागे सार्वजनिक कलादालनाची बैठी इमारत होती. चौऱ्याऐंशी साली सुलक्षणाबाई परब तिथं व्यवस्थापक म्हणून आल्या, तेव्हा आत फिरकायचं कोण? पंख्याखाली पेपर वाचणारे दोनचार म्हातारे. हे दालन आसपासच्या लोकांचं व्हावं, असं बाईंना फार वाटे. म्हणून त्यांनी रविवारी दुपारी बायकांसाठी मातीकामाचा वर्ग काढला. स्वयंपाक-भांडी उरकून बायका यायच्या, हसायच्या, मातीची फळं करायच्या. दालन भरू लागलं.

एका रविवारी शाडूची माती संपली. टेकडीच्या पायथ्याशी नव्या सोसायटीचा पाया खणत होते आणि वर्गातली चंपा कांबळे तिथंच कामाला होती. तिनं घमेलं भरून पिवळसर, लोण्यासारखी मऊ माती आणली. तिला कसलासा दुधाळ वास होता.

वर्ग चालू असतानाच वीज गेली. स्लाइड दाखवायच्या म्हणून खिडक्यांना काळे पडदे ओढलेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"थांबू नका गं," बाई हसत म्हणाल्या. "घरातल्या कुणाचा तरी चेहरा करा. नुसता चाचपून."

थप... थप... ओल्या मातीचा आवाज येत राहिला. हसणं विरलं. कुजबुजही विरली. मग सगळे हात एकाच क्षणी थांबले.

दिवे लागले. पाटापाटावर एकच चेहरा होता. तरण्या पुरुषाचा. डाव्या भुवईवर खोक, आणि तोंड उघडं.

"बाई..." चंपा म्हणाली. "मी सासूचं तोंड करत होते. माझी बोटं... कुणीतरी धरून फिरवली."

बाईंना पळत सुटावंसं वाटलं. पण सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी चेहऱ्यांवर ओली फडकी टाकली आणि दालनाला कुलूप घातलं.

अशी गोष्ट झाकून थोडीच राहते? सोमवारी बघायला अख्खी वस्ती लोटली. त्यात बाजारात भाजी विकणारी म्हातारी सोनूबाई होती. तिनं एक फडकं उचललं, भुवईवरच्या खोकेवरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली.

"हा माझा शिवदास. तोंड बापाचं, पण खोक त्याचीच."

"कुठं असतो तो?" बाईंनी विचारलं.

"असतो कुठला, बाई? पाच वर्षांचा होता, तापानं गेला. टेकडीखाली लहान पोरांना पुरायचे, तिथंच मी त्याला माती दिली." तिचा आवाज पार खाली गेला. "आज असता तर एवढाच झाला असता... पण बाई, मातीत कुणी वाढतं का हो?"



ती माती टेकडीला परत नेऊन टाकायची, असं बाईंनी ठरवलं. मंगळवारी संध्याकाळी त्या आल्या, तर पायऱ्यांवर बायका बसलेल्या. ओळखीच्या थोड्या, अनोळखी जास्त. प्रत्येकीच्या पदरात टेकडीची माती.

"आमचंही लेकरू तिथंच आहे," एक जण म्हणाली. "बाई, दिवे घालवता का?"

नाही म्हणायला बाईंची जीभ उचलेना. पडदे बायकांनीच ओढले. अंधारात कुणीतरी एक गोळा बाईंच्या हातात ठेवला.

थप... थप... बाई हात मागे घेऊ बघत होत्या. बोटं ऐकत नव्हती. कपाळ झालं. चपटं नाक झालं. गोबरे गाल झाले. लहान पोरीचा चेहरा. अंगठा ओठांच्या आत गेला आणि पडलेल्या दाताची फट लागली...  घरी त्यांची सात वर्षांची सुगंधा होती. तिचा पुढचा दात कालच पडला होता.

गोळा टाकून, मातीच्या हातांनी बाई धावत सुटल्या. बाजार, रस्ता, जिना. दार शेजारणीनं उघडलं. आत सुगंधा पाटावर बसली होती, धडधाकट. बाईंनी तिला उराशी कवटाळलं. त्यांना रडू आवरेना.

पोरीच्या पुढ्यात वरणभात तसाच होता. ती सारखी थुंकत होती.

"आई," ती म्हणाली, "मघाशी माझ्या तोंडात कुणी बोट घातलं गं? मातीची चव लागतेय... जातच नाही."