दारापाशी आपटलेला पाय

औषधाच्या दुकानात रात्रपाळी करणारी बाई वकीलबाईंकडे आली, ती मुलीच्या, चिमणीच्या, अपहरणाची फिर्याद पोलिसांत देऊनच. संशयित म्हणून घटस्फोटित नवऱ्याचं नाव. मुलगी आईकडे राहिली याचा राग दुसऱ्या कुणाला असणार?

"शाळेतून ती परतलीच नाही. घराच्या दाराचं कुलूप शाबूत आहे," ती म्हणाली. "कपडे जागच्या जागी. फक्त कानाच्या मशीनची डबी नाही."

चिमणीचे कान तापात गेले, तेही घटस्फोटानंतर. झोपताना मशीन काढून त्या डबीत ठेवायचं, नाहीतर ओल धरते.

वकीलबाईंनी कोर्ट सोडून तपास धरला होता आणि मदतीला नाना. नानांचं डोकं उत्तम होतं. वापर नसल्याने अजून नवंकोरं होतं.

आधी नवऱ्याला गाठलं. तो चिडलेलाच होता. भेटू देत असते तर अपहरण कशाला हवं होतं, नुसती खालून शीळ घातली असती तरी पोर जिना उतरली असती, म्हणाला. नानांनी मनातल्या मनात त्याला बेड्या ठोकल्या.

मग मावशी, बाईची धाकटी बहीण. चिमणीच्या रात्री तिनेच सांभाळल्या होत्या. मग बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं, जाणं-येणं तुटलं. किल्ली परत करायची तेवढी राहिली. बोलता बोलता ती पाणी आणायला उठली. आतल्या बंद दारापाशी थांबली, लाकडी जमिनीवर पाय आपटला, मग आत गेली.

"पायाला मुंग्या आल्या वाटतं," नाना म्हणाले.

वकीलबाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी बाईला आणि पोलिसांना तिथेच बोलावून घेतलं.

"शीळ घालीन म्हणणाऱ्या बापाला पोरीचे कान गेल्याचंच माहीत नाही. तो डबी कशाला उचलेल? ज्याला गरज ठाऊक आणि ज्याच्याकडे किल्ली, तो उचलेल. बहिऱ्या मुलाने दचकू नये म्हणून जमीन हलवून आत जातात. रिकाम्या खोलीला कोण वर्दी देतं?"

मावशीने मान खाली घातली. "शाळेच्या फाटकात मला बघून हसत आली हो. मी ओढलं नाही."

"तिच्या हसण्याला कायद्यात मोल नाही. अल्पवयीन मुलाला पालकाला न विचारता त्याच्या ताब्यातून नेलं, की अपहरण. लाडाने नेलं तरी. वर्षानुवर्षांचा तुरुंग आहे त्याला."

"मग मी फिर्याद मागे घेते," बाई म्हणाली. "बहीण आहे माझी."

"फिर्याद तुमची होती, खटला सरकारचा असतो. एवढा मोठा गुन्हा घरातल्या घरात मिटत नाही. कोर्टापुढे हात जोडता येतील, एवढंच."

वकीलबाईंचं एकदा तरी चुकायला हवं होतं, असं नानांना वाटलं.

बाई आत गेली. एव्हाना झोपी गेलेल्या चिमणीला हाका मारत राहिली. मशीन डबीत होतं.

हवालदाराशेजारून मावशी म्हणाली, "अक्का, हाक नको. पाय आपट. हळू."

तिने आपटला, पण जोरात. चिमणी दचकून उठली आणि आईच्या पाठीमागे मावशीला शोधू लागली.